एकोणीस सेकंद

पहिल्यांदा मोजलं तेव्हा टेप नव्हती,
पडद्याची दोरी होती, दर मीटरला गाठ.
एक टोक माझ्याकडे, एक बादरीकडे,
पहाटे पाच वाजता, ग्लदानीत कुणी नीट जागं नसताना.
आमच्या नऊ मजली इमारतींपासून
पलीकडच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत
सोळा गाठी.
दिव्यातला हिरवा माणूस बारा सेकंद चालतो
आणि विझतो.

नानुलीनं चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली.
ती म्हणाली, मोजायला मला धरा.
एका मुठीत काठी, दुसरीत बटाट्यांची पिशवी,
जीव धरायला तिसरी मूठ तिच्याकडे नव्हती.
गेली. एकोणीस.
परत आली. एकोणीस.
पुन्हा गेली. वीस,
कारण मधल्या पट्ट्यावर उभ्या कुत्र्याशी
ती दोन शब्द बोलली.
वीस आम्ही वहीत धरला नाही.

मग सगळा शरद ऋतू मोजण्यात गेला.
सव्वीस वर्षं पिवळी मिनीबस चालवलेला बादरी
न थांबणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचा.
एकदा लिहिता लिहिता पेन थांबलं.
भाच्याची गाडी होती.
लिहिला.

रात्रपाळी करून शोरेना यायची,
एकसष्ट नंबरची बस न आल्यामुळे चालतच,
थर्मासमधला चहा आम्हाला ओतून द्यायची.
तिच्या वॉर्डात या चौकातून कोण कोण येतं
हे तिनं कधी सांगितलं नाही.
नुसत्या उभ्या काड्या ओढायची कागदावर,
चार उभ्या, पाचवी आडवी.

आमच्या इमारतीतली लिफ्ट
नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
नगरपालिकेतली फुकट वर नेते
आणि फुकटच खाली आणते.
सहा वेळा गेलो.
सहाव्या वेळी साहेबांनी चष्मा काढून समजावलं:
सरासरी माणूस सेकंदाला
एक पूर्णांक तीन मीटर चालतो.

आम्ही त्याला शोधायला निघालो.
पहिल्या मजल्यावर रेवाझ, गुडघ्याखाली प्लास्टिकचा पाय.
तिसऱ्यावर तमुना, जुळी पोरं, बाबागाडी दारातून निघत नाही.
पाचव्यावरचे आजोबा म्हणाले, मी आता खाली उतरतच नाही,
खिडकीतून बघतो तुम्हाला.
सातव्यावरचा पोरगा पाच सेकंदांत पार होतो,
पण बघत नाही, कुठल्याच बाजूला.
चार जिने पालथे घातले.
सरासरी माणूस आमच्यात राहत नाही.
बहुतेक त्याच्याकडे गाडी असावी.

अकरा महिन्यांनी शिक्क्याचं पत्र आलं:
तीन सेकंद मंजूर.
बादरी म्हणाला, भीक.
नानुलीनं आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी उघडली.
तिसऱ्या पांढऱ्या पट्ट्यात एक खड्डा आहे,
त्याला वळसा घालायला, म्हणाली,
मला तीनच लागतात.
मी घरी येऊन तीन सेकंद मोजून पाहिले,
स्वयंपाकघरात, एकटीच उभी राहून.
खूप असतात. आणि काहीच नसतात.

उरलेले चार अजून आमच्याकडेच आहेत.
रोज सकाळी साडेआठला
मी आणि बादरी रस्त्यात उतरतो, हात पसरून.
हॉर्न वाजतात. काच खाली होते,
आमच्या आयांचा उद्धार होतो.
बादरी पुटपुटतो, हा सहा नंबर इमारतीतला,
ह्याच्या बापाला मी रोज कामावर सोडायचो.

मधून नानुली चालत असते,
दिवा लाल झालेला, खड्डा मागे पडलेला.
आम्ही म्हणतो, बाई, जरा उचला पाय.
ती उचलत नाही.
घाई केली तर आकडा खोटा पडेल, म्हणते.

नव्या अर्जात वीस मागितले आहेत.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं
यावर काल रात्री अकरापर्यंत वाद झाला.
शेवटी शोरेनानं पेन घेतलं
आणि लिहिलं: कुत्रा.

एकसष्ट नंबरचा अर्ज वेगळा आहे.
त्याला अजून पोच नाही.